टपावरची काच : मोठ्या गाडीला सनरूफ हवे का?

उसाचे शेवटचे बिल खात्यावर जमा झाले आणि मार्केट यार्डातील हंगामाचा हिशेब मिटला की बारामती आणि इंदापूर तालुक्यांतील घराघरांत मोठ्या गाडीच्या खरेदीची बोलणी सुरू होतात. दसरा, पाडवा आणि अक्षय्य तृतीया हे त्यासाठीचे ठरलेले मुहूर्त. पूर्वी या बोलण्यांत तीनच प्रश्न असत. गाडी ॲव्हरेज किती देते, सर्व्हिसची सोय कोठे आहे, आणि पाच-सात वर्षांनी विकायला काढली तर किंमत काय येईल? अलीकडे चौथा प्रश्न त्यांच्या पुढे जाऊन बसला आहे. शोरूममधला विक्रेता पाहुण्यांच्या हाती चहा देतो आणि विचारतो, "सनरूफवालं मॉडेल दाखवू ना?" वडीलधाऱ्या मंडळींनी हो-नाही म्हणण्याआधीच घरातले धाकटे नातवंड आत शिरून बटण दाबते, टपावरची काच मागे सरकते आणि आवाज येतो, "आजोबा, वर बघा, आभाळ!" सौदा तेथेच अर्धा झालेला असतो.

हा प्रश्न वरवर हौसेचा दिसतो. परंतु त्यात लाख-दीड लाख रुपये गुंतलेले असतात, सात-आठ माणसांच्या प्रवासाची सोय-गैरसोय गुंतलेली असते आणि त्या नातवंडाची सुरक्षितताही. म्हणून त्याचा शांतपणे विचार व्हायला हवा.

मोटारगाडीशी या परिसराचे नाते जुने आहे. इंदापूर तालुक्यातील कळंबच्या माळावर वालचंदनगर वसवणारे शेठ वालचंद हिराचंद दोशी यांचा जन्म १८८२ साली सोलापुरातील जैन कुटुंबात झाला. नीरेच्या कालव्याचे पाणी, पडीक जमीन आणि साखर कारखाना यांची सांगड घालणाऱ्या याच उद्योजकाने १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. मुंबईतील कुर्ल्याच्या कारखान्यातून आधी अमेरिकन बनावटीच्या डॉज, प्लिमथ, मग फियाट आणि पुढे प्रीमियर पद्मिनी रस्त्यावर आली. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे पद्मिनी असे समीकरण कित्येक दशके टिकले आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये तिने मुंबईचा निरोप घेतला. त्या पद्मिनीच्या टपावर लोखंडी कॅरिअर असे. त्यावर वळकट्या, ट्रंका, पत्र्याचे डबे, प्रसंगी लग्नाचा रुखवतसुद्धा जाई. टप ही सामान ठेवण्याची जागा आहे, त्यातून आकाश पाहावे ही कल्पना तेव्हा कोणाला शिवलीही नसावी. आजही बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत पियाजिओच्या कारखान्यातून ज्या तीनचाकी गाड्या बाहेर पडतात, त्यांचे छत एवढ्याचसाठी असते की ऊन आणि पाऊस बाहेर राहावा.

मग टपाला काच बसवण्याची कल्पना आली कोठून? ती युरोप-अमेरिकेतली. जर्मनीत म्युनिकजवळ स्टॉकडॉर्फ नावाचे गाव आहे. तेथील वेबास्टो ही कंपनी १९३०च्या दशकापासून गाड्यांना उघडझाप करणारी छते पुरवत आली आहे. कंपनीचे नावच विल्हेल्म बायर हे संस्थापकाचे नाव आणि स्टॉकडॉर्फ हे गाव यांची आद्याक्षरे जुळवून बनले आहे. अमेरिकेत नॅश कंपनीने १९३७ साली आपल्या गाडीत सनरूफ दिले. आज वेबास्टोचा कारखाना पुण्याजवळही आहे, आणि चाकण-पिंपरीतून निघणाऱ्या मोठ्या गाड्यांवर काचेचे छत सर्रास दिसते. भारतात या लाटेला खरा जोर आला तो २०१९ नंतर. त्या वर्षी आलेल्या एमजी हेक्टरने टपाचा बराचसा भाग व्यापणारी काच मध्यमवर्गाच्या आवाक्याजवळ आणली. पुढच्या वर्षी ह्युंदाई क्रेटा, २०२१ मध्ये टाटा सफारी आणि महिंद्रा एक्सयूव्ही ७००, २०२२ च्या अखेरीस टोयोटा इनोव्हा हायक्रॉस अशी रांगच लागली. महिंद्राने तर त्याला 'स्कायरूफ' असे खास नाव दिले.

येथे एक बारकावा सांगायला हवा, कारण शोरूममध्ये दोन वेगळ्या वस्तू एकाच नावाने विकल्या जातात. पहिली लहान चौकोनी काच. ती पुढच्या दोन आसनांच्या डोक्यावर असते, मागे सरकते किंवा मागच्या कडेने थोडी वर उचलली जाते. दुसरी पॅनोरॅमिक, ती पुढून मधल्या ओळीपर्यंत पसरलेली असते. तिचा पुढचा भाग उघडतो, मागचा बहुधा पक्का असतो. पहिलीला घनदाट काळसर काच आणि कडक सरकता पत्रा असतो. दुसरीला बहुतेक वेळा कापडी पडदा असतो. हा फरक उन्हाळ्यात जाणवतो.

उन्हाळ्याचाच विचार आधी केला पाहिजे. बारामती आणि इंदापूर ही दोन्ही गावे साधारण १८ अंश उत्तर अक्षांशावर आहेत. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस येथे भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो व उभ्या खांबाची सावली त्याच्याच बुंध्यात लपते. जुलैमध्ये ढग असतात; मे महिन्यात मात्र आकाश बहुधा कोरडे ठणठणीत असते. त्या वेळी बाजूच्या काचांतून ऊन फारसे आत येत नाही, सगळा मारा टपावर होतो. म्युनिक ४८ अंशांवर आहे. तेथे डिसेंबरात भर दुपारचा सूर्य क्षितिजापासून जेमतेम १८-१९ अंश वर चढतो. अशा देशात काचेतून आलेले चार किरण म्हणजे प्रसाद. आपल्याकडे डिसेंबरातला सर्वांत खाली गेलेला दुपारचा सूर्यही ४८ अंशांवर असतो, म्हणजे म्युनिकच्या मार्चमधल्या सूर्यापेक्षा वर. त्यांना ऊन आत आणायचे असते आणि आपल्याला ते बाहेर ठेवायचे असते, इतका साधा हा भेद आहे.

आकड्यांत सांगायचे तर निरभ्र दुपारी आडव्या पृष्ठभागावर दर चौरस मीटरला सुमारे १,००० वॅट एवढी सूर्याची ऊर्जा पडते. पॅनोरॅमिक काच साधारण एक चौरस मीटरची धरली, तर एका खोलीच्या हीटरएवढी उष्णता टपावर सतत येत राहते. काच रंगीत असते, तिच्यावर लेप असतो, त्यामुळे त्यातली बरीच उष्णता अडते. पण सगळी अडत नाही. जी आत येते ती काढण्याचे काम एसीच्या कॉम्प्रेसरला करावे लागते आणि त्याचा खर्च डिझेलच्या टाकीतून होतो. पत्र्याचा टपही तापतोच. मात्र त्याच्या खाली अस्तर असते, जाड थर असतो आणि तो डोक्यापर्यंत पोहोचू देत नाही. कापडी पडदा ओढून घेतला तरी दुपारी एकच्या सुमारास इंदापूरहून टेंभुर्णीकडे निघालेल्या गाडीत मधल्या ओळीत बसलेल्या माणसाच्या टाळूला ती ऊब लागते. या मुद्द्यावर विक्रेत्याचे 'उष्णतारोधक काच' हे शब्द ऐकून समाधान मानू नये. गाडी तासभर उन्हात उभी करायला सांगावी आणि मग मधल्या ओळीत बसून पाहावे. शोरूमच्या थंड हवेत प्रत्येक सनरूफ उत्तमच असते.

मोठ्या गाडीची आणखी एक अडचण लहान गाडीला नसते. तिच्यात तिसरी ओळ असते आणि त्या ओळीपर्यंत गार हवा पोहोचवायची असते. जुन्या पद्धतीच्या सात आसनी गाड्यांत ही हवा टपाच्या अस्तरातून येत असे. डोक्यावर जाळ्या, जाळ्यांना हातानेच फिरवता येणारी तोंडे. टपाचा मधला भाग काचेला दिला की त्या नळ्यांना जागा शोधावी लागते. काही गाड्यांत त्या कडेने नेलेल्या असतात, काहींत खांबांत किंवा मधल्या खोक्यात. व्यवस्था चांगली असू शकते, पण ती गृहीत धरू नये. घरातल्या आजी बहुधा मधल्या ओळीत आणि नातवंडे तिसऱ्या ओळीत बसतात. गाडी घेणारे मात्र चालकाच्या आसनावर बसून निर्णय घेतात. चौकट आणि सरकत्या पट्ट्यांमुळे टपाची उंचीही बोट-दोन बोटे कमी होते. फेटा बांधून लग्नाला निघालेल्या उंच माणसाला त्याचा प्रत्यय येतो.

आणि कॅरिअरचे काय? दहिगाव, कुंथलगिरी, कुंभोज अशा यात्रेला किंवा पालिताण्याला आठवडाभरासाठी निघालेले सात जणांचे कुटुंब तिसरी ओळ उघडून बसले की मागे सामानाला हातभर जागा उरते. शुद्ध पाण्याचे कॅन, स्वयंपाकाचा डबा, अंथरुणे, पूजेचे साहित्य हे सगळे पूर्वी टपावर जाई. काचेच्या टपावर दोन्ही बाजूंच्या दांड्यांना आडव्या पट्ट्या बसवून सामान बांधता येते, पण मग काच उघडता येत नाही आणि दोरी सुटून डबा सरकला तर काचेलाच लागतो. ज्या सहलीत सनरूफची मजा घ्यायची, त्याच सहलीत ते झाकून टाकायचे, अशी ही गत होते.

याच्या उलट एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. बारामती-इंदापूर पट्ट्यात प्रतिष्ठेचे वाहन म्हणून जिचे नाव आधी घेतले जाते ती टोयोटा फॉर्च्युनर २००९ साली भारतात आली, २०१६ मध्ये तिची दुसरी पिढी आली आणि यांपैकी कोणत्याही पिढीला येथे सनरूफ दिलेले नव्हते. साखर कारखान्याच्या सभेला येणाऱ्या मंडळींचे त्यावाचून काही अडलेले दिसत नाही. इनोव्हा क्रिस्टालाही सनरूफ नव्हते आणि तिची मागणीही त्यापायी घटली नाही. तेव्हा 'सनरूफ नसले तर पुढे गाडी विकली जात नाही' हे शोरूममधले वाक्य सर्वच गाड्यांना लागू पडत नाही. ज्या गाडीच्या जाहिरातीतच काचेचे छत मिरवले जाते, त्या गाडीच्या बाबतीत मात्र ते काही अंशी खरे आहे.

आता पैशांचा हिशेब. कंपन्या सनरूफ सुटे विकत नाहीत. ते वरच्या दर्जाच्या मॉडेलबरोबर येते आणि त्यासोबत कॅमेरा, मोठा पडदा, चामड्यासारखी आसने असा लवाजमा येतो. म्हणून फरक नेमका काचेचा किती हे सांगणे कठीण. तरी एक कल्पित उदाहरण घेऊ. डिझेल गाडीचे सनरूफ नसलेले मॉडेल १९ लाख ४० हजार रुपयांना आणि असलेले २० लाख ६० हजारांना आहे असे समजा. दिसायला फरक १ लाख २० हजारांचा. परंतु महाराष्ट्रात वैयक्तिक नावावरील डिझेल गाडीला १० ते २० लाखांच्या टप्प्यात १४ टक्के आणि २० लाखांच्या वर १५ टक्के वाहनकर पडतो, आणि तो संपूर्ण किमतीवर पडतो. पहिल्या गाडीचा कर २,७१,६०० रुपये, दुसरीचा ३,०९,००० रुपये. म्हणजे आणखी ३७,४०० रुपये वाढले व फरक १,५७,४०० रुपयांवर गेला. विम्याच्या हप्त्यातली वाढ वेगळीच. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या गाड्यांवर ४० टक्के जीएसटी आहे. पूर्वीचा उपकर धरून होणाऱ्या भारापेक्षा तो कमी आहे, तरीही त्या १,२०,००० रुपयांतले ३४,२८६ रुपये जीएसटीचेच असतात. दोन्ही कर मिळून ७१,६८६ रुपये झाले. सनरूफसाठी म्हणून मोजलेल्या रकमेतला निम्म्याला थोडा कमी भाग सरकारी तिजोरीत जातो, काचेत नव्हे.

ही रक्कम कर्जातून उभी केली तर? ९ टक्के व्याजाने सात वर्षांसाठी १,५७,४०० रुपये घेतल्यास महिन्याच्या हप्त्यात सुमारे २,५३२ रुपये वाढतात आणि सात वर्षांत एकूण सुमारे २ लाख १२ हजार ७०० रुपये परत करावे लागतात. वर्षातून ४० वेळा काच उघडली, म्हणजे सात वर्षांत २८० वेळा, तर एकदा उघडण्याचा खर्च सुमारे ७६० रुपये पडतो. वर्षातून ४० हा आकडाही उदार आहे. एप्रिल-मेमध्ये ऊन, जून ते ऑक्टोबर पावसाची धास्ती, नोव्हेंबरपासून उसाच्या वाहतुकीची धूळ. काच उघडायला उरतात ते हिवाळ्यातले काही प्रहर. नव्या गाडीचा पहिला महिना संपल्यावर बहुतेक घरांत ते बटण पाहुण्यांना दाखवण्यापुरते उरते.

हाच पैसा दुसरीकडे वळवता येतो का, हे पाहणे अधिक उपयोगाचे. अनेक गाड्यांत मधल्या मॉडेलला सहा एअरबॅग, तिसऱ्या ओळीलाही तीन बिंदूंचे सीटबेल्ट आणि चांगले टायर मिळतात. ऑक्टोबर २०२३ पासून देशात भारत एनकॅप ही सुरक्षा-चाचणी सुरू झाली आहे. तिच्यात प्रौढांसाठी आणि लहान मुलांसाठी वेगवेगळे तारे दिले जातात. मुलांच्या रकान्यातले तारे पाहून गाडी निवडणारा ग्राहक शोरूममध्ये अजून विरळाच.

देखभालीचा भाग कंटाळवाणा वाटेल, पण खरी डोकेदुखी तेथेच असते. सनरूफची रबरी कड पाणी पूर्णपणे अडवते असा समज आहे; तो बरोबर नाही. थोडे पाणी कडेने आत येणार हे धरूनच रचना केलेली असते. ते काचेभोवतीच्या पन्हळीत जमते आणि चार कोपऱ्यांतून खांबांच्या आत लपवलेल्या चार बारीक नळ्यांवाटे गाडीखाली सांडते. घराच्या पत्र्याला पन्हळ असते तसेच हे. पन्हळ तुंबली की पाणी भिंतीत मुरते, तसे येथे ते अस्तरात आणि पायाखालच्या गालिच्यात मुरते. आपल्या भागात पन्हळ तुंबवणाऱ्या गोष्टींची कमतरता नाही. सुप्याकडच्या जिराईत पट्ट्यातली बारीक माती, कडुलिंबाचा मोहर, चिंचेची पाने, आणि हंगामात शेतातली पाचट पेटवली किंवा कारखान्याचे धुराडे सुरू झाले की सकाळी टपावर बसलेला काळ्या काजळीचा थर. सोमेश्वरनगर, माळेगाव, भवानीनगर, बिजवडी या कारखान्यांच्या आसपास राहणाऱ्यांना तो थर वेगळा सांगायला नको. वर्षाचा पाऊस थोडा म्हणून निर्धास्त राहावे तर तेही नाही. मे २०२५ च्या अखेरीस या दोन तालुक्यांत एवढा पाऊस कोसळला की नीरा डावा कालवा फुटून वस्त्यांत पाणी शिरले. तुंबलेली नळी अशा एका रात्रीत उघडी पडते. आणि आजच्या गाड्यांत गालिच्याखाली विजेच्या तारा व जोडण्या असतात.

यावर उपाय अवघड नाही. पावसाळ्यापूर्वी आणि दिवाळीनंतर काच उघडून पन्हळ ओल्या फडक्याने पुसावी, कोपऱ्यात पेलाभर पाणी हळूहळू ओतावे आणि ते गाडीखाली चाकांजवळ पडते का ते पाहावे. चारही कोपरे तपासावेत. तारेने नळी खोदू नये. ती आतल्या आत निसटते आणि मग अस्तर उतरवण्याशिवाय इलाज राहत नाही. सरकत्या पट्ट्यांना कंपनीने सांगितलेलेच ग्रीस लावावे. मोटर किंवा पट्टी बिघडली तर मात्र काम गावातल्या गॅरेजचे राहत नाही, आणि हमीची मुदत संपलेली असेल तर बिल पाहून घाम फुटतो.

विम्याच्या बाबतीतही थोडे सावध असावे. अपघातात किंवा गारपिटीत काच फुटली तर साध्या सर्वंकष पॉलिसीतही काचेवर घसारा धरत नाहीत, ही चांगली बाजू. परंतु रबर आणि प्लॅस्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो; सनरूफच्या दुरुस्तीत हेच भाग बरेच असतात. घसारामुक्त जोडपॉलिसी घेतली असेल तर हा प्रश्न सुटतो. दावा केला की पुढच्या वर्षीचा नो-क्लेम बोनस जातो, त्यामुळे लहान बिलासाठी दावा करणे परवडते का हेही पाहावे लागते. आणि गळती ही झिजेतून किंवा दुर्लक्षातून झालेली असेल, तर तो अपघात ठरत नाही. तिचा खर्च मालकाचाच. जुन्या गाडीचा टप कापून बाहेरून सनरूफ बसवून घेण्याचा मोह तर टाळावाच. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार वाहनाच्या मूळ रचनेत असा बदल करता येत नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते स्पष्ट केले आहे. कापलेला टप उलटलेल्या गाडीचे वजन पेलत नाही, हे कायद्याच्याही आधी लक्षात घेण्याजोगे.

एवढे सगळे झाले तरी ज्यासाठी हा विषय गांभीर्याने घ्यायचा ते अजून सांगायचे आहे. नावात 'सन' असले तरी आपल्याकडे सनरूफचा सर्वांत मोठा उपयोग मुलांना उभे करण्यासाठी होतो. भिगवणच्या रस्त्यावर, पालखी मार्गावर, लग्नाच्या वरातीत, मयूरेश्वर अभयारण्याकडे किंवा कडबनवाडीच्या गवताळ माळावर चिंकारा पाहायला निघालेल्या गाडीत दोन-दोन मुले कमरेपर्यंत बाहेर येऊन वारा खात असतात. खाली आई त्यांचे पाय धरून बसलेली असते. आई-वडिलांना त्यात प्रेमच दिसते.

वेग ताशी ६० किलोमीटर असताना चालकाने जोरात ब्रेक दाबला तर गाडी थांबते, उभे असलेले मूल थांबत नाही. त्याची छाती किंवा पोट चौकटीच्या धातूवर आदळते. पाय धरून ठेवल्याने तो आघात कमी होत नाही. या रस्त्यांवर ब्रेक दाबण्याची कारणे पावलोपावली आहेत. हंगामात उसाच्या ट्रॉल्या दोन-दोन जोडून जातात, मागे लाल दिवा असेलच असे नाही, आणि उसाची टोके दोन्ही अंगांनी फूट-फूटभर बाहेर आलेली असतात. जवळून ओव्हरटेक करताना ती टोके बंद काचेवरून घासत जातात. तेथे मुलाचे तोंड असले तर काय होईल, याची कल्पना करवत नाही. जुन्या रस्त्यांवर बाभळीच्या व वडाच्या फांद्या खाली आलेल्या असतात, गावांत जत्रेच्या कमानी आणि फलकांच्या दोऱ्या असतात, संक्रांतीच्या सुमारास पतंगाचा मांजा असतो. सप्टेंबर २०२५ मध्ये बंगळुरूत एका धावत्या गाडीच्या सनरूफमधून उभ्या असलेल्या मुलाचे डोके रस्त्यावरच्या आडव्या लोखंडी कमानीवर आदळले. उंच वाहने अडवण्यासाठी लावलेली ती कमान गाडीला अडवणारी नव्हती. मुलामुळे गाडीची उंची वाढली आहे हे चालकाच्या ध्यानातच आले नाही.

कायदा याबाबत गप्प नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२३ प्रमाणे वाहनाच्या सांगाड्याबाहेर कोणालाही बसवून वा उभे करून नेता येत नाही. कलम १९४ ब नुसार १४ वर्षांखालील मुलाला सीटबेल्ट किंवा बालआसनाशिवाय नेल्यास १,००० रुपये दंड आहे, आणि उभ्या मुलाला बेल्ट लावता येत नाही हे उघडच आहे. दंडाची रक्कम पाहून कोणी घाबरणार नाही. घरात एकच नियम करावा : चाक फिरत असताना काचेतून हातसुद्धा बाहेर जाणार नाही. गाडी घेण्याआधीच आजी-आजोबांसह सर्वांनी तो मान्य करावा, कारण हट्टापुढे प्रथम विरघळतात ती हीच दोघे. ज्या घरात हा नियम पाळला जाणार नाही असे आतूनच वाटते, त्या घराने सनरूफ घेऊ नये. बाकी सगळे मुद्दे सोयीचे आणि पैशांचे आहेत. हा एक मुद्दा तसा नाही.

ऑक्टोबर २०२५ च्या अखेरीस पुण्याहून माणगावकडे जाणाऱ्या ताम्हिणी घाटात डोंगरावरून सुटलेला दगड एका मोटारीचे सनरूफ फोडून आत कोसळला आणि पुढच्या आसनावरील महिलेचा मृत्यू झाला. ही बातमी आल्यावर काचेच्या टपाविषयी अनेकांच्या मनात भीती बसली. मोठ्या दरडीपुढे पत्र्याचा टपही टिकत नाही, हे खरे. तरीही लहान-मध्यम दगडाच्या बाबतीत पत्रा वाकतो आणि काच फुटते, हा फरक उरतोच. बारामती-इंदापूर सपाटीवरचे तालुके असले तरी येथली कुटुंबे कोकणात उतरतात ती ताम्हिणी किंवा भोरजवळच्या वरंधा घाटातूनच. पावसाळ्यात व पावसाळा संपल्यानंतरच्या महिन्यात, म्हणजे मुरलेल्या पाण्याने दगड सैल झालेले असतात तेव्हा, घाटात कड्याखाली गाडी उभी करून काच उघडून धबधबे पाहण्याची हौस आवरलेली बरी.

सनरूफच्या बाजूनेही बोलायला हवे, नाहीतर हा लेख पूर्वग्रहाचा ठरेल. मोठ्या गाडीची मागची ओळ अंधारी असते. तेथे बसून ज्यांना मळमळते त्यांना वरून येणारा उजेड बरा वाटतो. गुडघ्यांच्या दुखण्यामुळे प्रवासात फारसे न उतरणाऱ्या ज्येष्ठांना गाडी पेटीसारखी वाटत नाही. उन्हात उभ्या केलेल्या गाडीची मागची कड दोन मिनिटे वर उचलली की कोंडलेली गरम हवा झटकन निघून जाते आणि एसीला कमी झगडावे लागते. हा उपयोग लहान चौकोनी सनरूफही तेवढाच चांगला देते. डिसेंबरातल्या पहाटे भिगवणजवळ उजनीच्या पाणफुगवट्यालगत गाडी थांबवली आणि रोहित पक्ष्यांची माळ डोक्यावरून गेली, तर ती काचेतून पाहण्यात आनंद आहेच. कोणी म्हणेल, खाली उतरूनही तो दिसतो. उतरता न येणाऱ्यांसाठी तो काचेतूनच असतो.

तेव्हा घरात सहा-सात माणसे असून यात्रा आणि लग्नकार्यांसाठीच गाडी मुख्यतः बाहेर पडत असेल, सामान टपावर जात असेल आणि मुले दहा वर्षांच्या आतली असतील, तर मधले, बिनसनरूफचे मॉडेल घेऊन वाचलेल्या पैशांत सुरक्षेची साधने आणि विम्याची जोडपॉलिसी घ्यावी. दोघे-तिघे प्रवास करणारे, पहाटे-संध्याकाळी निघणारे, गाडीची निगा स्वतः राखणारे आणि रोखीने खरेदी करणारे कुटुंब असेल, तर हौसेला नाही म्हणण्याचे कारण नाही. त्यांनी शक्य तर कडक झाकणाचे लहान सनरूफ पाहावे. एखाद्या मॉडेलमध्ये सुरक्षेची साधने फक्त सनरूफबरोबरच मिळत असतील, तर साधनांसाठी ते घ्यावे आणि पडदा ओढून ठेवावा.

जुनी गाडी घेणाऱ्यांनी अधिक काळजी घ्यावी, कारण अशी काच असलेल्या अनेक गाड्या आता हमीची मुदत संपून बाजारात येऊ लागल्या आहेत. टपाच्या अस्तराच्या चारही कोपऱ्यांत पिवळसर डाग आहेत का ते टॉर्चने पाहावे, पुढच्या दोन्ही बाजूंचे पायपुसणे उचलून गालिच्यावर तळहात दाबावा, काचा बंद करून आत कोंदट वास येतो का ते घ्यावे. गाडी नुकतीच अत्तर शिंपडून आणलेली असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहायला मागावी. काच आणि पडदा तीन वेळा पूर्ण उघडून बंद करावा. तिसऱ्या वेळी मोटरचा आवाज बदलला किंवा काच मध्येच अडखळली, तर मेकॅनिकला दाखवल्याशिवाय इसार देऊ नये.